ताट रिकामे परत जाऊ नये

दुसऱ्याचे दुःख आपण रंगभूमीवर मांडतो, तेव्हा त्याचे काही देणे फेडतो, की त्याच्याकडून आणखी काही घेतो? गिरणगावाचा विचार करताना हा प्रश्न मला टाळता येत नाही.

आमच्या पारनेर तालुक्यातल्या कितीतरी चुली मुंबईच्या मनिऑर्डरीवर पेटल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे २.५ लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. पुढे प्रश्न उरला जमिनीचा. १९९१ च्या नियमाने ढोबळमानाने तिचे तीन वाटे केले होते : एक मोकळ्या जागेला, एक सामान्यांच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले.

त्याच वर्षी रामू रामनाथन यांचे ‘कॉटन ५६, पॉलिएस्टर ८४’ हे नाटक सुनील शानबाग यांनी रंगभूमीवर आणले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून जमवलेला इतिहास त्याच्या पाठीशी होता. काम गेलेले दोन गिरणी कामगार गप्पा मारतात, त्यांतून सारे उलगडते.

कोणी म्हणेल, कापसाची धूळ आणि रात्रपाळी आता कोणाला परत हवी आहे? खरे आहे. कामगारही भोंगा मागत नाही. तो घर मागतो. आणि नाटक नेमके तेच देऊ शकत नाही. जुनी चिमणी शोभेला ठेवून भोवती दुकाने थाटावीत, तशी आठवणही शोभेला ठेवता येते.

तरीही अशी नाटके व्हावीत, असेच मी म्हणेन. साक्षीदाराला निकाल देता येत नाही. पण त्याची साक्ष झाल्यावर ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ ही सबब उरत नाही. तिथून पुढचे ओझे प्रेक्षकाचे.

दिवाळीत घरोघर फराळाची ताटे फिरतात. शेजारणीचे ताट रिकामे परत करायचे नाही, हे लहान मुलालाही कळते. ज्यांनी आपले आयुष्य आपल्यापुढे वाढून ठेवले, त्यांचे ताट आपण नुसत्या टाळ्यांवर परत पाठवावे काय? मते मागायला येणाऱ्याला ‘त्या घरांचे काय झाले?’ एवढे विचारले, तरी त्या ताटात चिमूटभर साखर पडेल.