बापाची माफी, खात्याची वसुली

आत्या बँकेच्या ऑडिट विभागातून निवृत्त झालेली. भाचा अमेरिकेत वकील, माजी सैनिकांची प्रकरणं पाहतो. फोनवर बोलणं निघालं.

"समज, व्हिएतनामला लढून आलेला म्हातारा आहे. आता स्मृतिभ्रंश. व्हेटरन्स अफेअर्स खात्यानं ठरवलं, याला भत्त्याचा व्यवहार झेपत नाही. मुलाला विश्वस्त नेमलं. वार्षिक हिशेबात घरभाडं, औषधं, आणि दर महिन्याला पिकअप ट्रकचा हप्ता. म्हातारा गाडी चालवत नाही."

"मग मुलाकडून वसूल करा."

"वसुली होईल तेव्हा होईल. तोवर म्हाताऱ्यानं खायचं काय? 2004च्या कायद्यानं विश्वस्त एखादी संस्था असेल, किंवा दहा वा जास्त लाभार्थी सांभाळणारा असेल, तर खातं थेट भरपाई द्यायचं. एरवी खात्याची हयगय सिद्ध व्हायला हवी."

"म्हणजे धंदेवाईक माणसानं लुटलं तर पैसे परत, आणि पोटच्या पोरानं लुटलं तर सरकारची चूक शोधत बसा?"

"जानेवारी 2021मध्ये सही झालेल्या कायद्यानं ती अट काढली. आता अपहार ठरला की भरपाई."

"इथे मी अडते. खात्यानं क्रेडिट रिपोर्ट पाहिला, गुन्हे तपासले, मुलाखत घेतली. मुलाचं नाव बापानंच सुचवलं असेल. मग खात्याचं चुकलं कुठे? करदात्यानं का भरायचं?"

"तुझ्या बँकेत खातेदार स्वतः सही करतो, आत्या. इथे सहीच काढून घेतली आहे. नाव बापानं सुचवलं, पण नेमणूक खात्याची. चूक नसेल, जबाबदारी आहेच."

"आणि दोघं मिळून ठरवून खातील, ते?"

"अपहार ठरला की मुलगा जातो, पैसे नव्या विश्वस्ताकडे. मुलामागे वसुली, शिवाय पाच वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते."

ऑडिटवाल्यांचं एक असतं: आकडे जुळले की त्यांना जास्तच संशय येतो.

"बाप म्हणाला, 'मीच दिले त्याला', तर?"

"ते धरता येत नाही. पैशाचं त्याला ठरवता येत नाही, असं आधीच ठरलंय."

"माफ करणं म्हणजे पैशाचा व्यवहार का?"

"नाही. पण वसुली सोडून देणं व्यवहारच. बापानं खुशाल माफ करावं, खात्यानं वसूल करावं. दोन्ही चालेल."

"कागदावर चालेल रे. मुलाला नोटीस गेली की तो बापाकडे फिरकायचा नाही. ट्रक घेतला त्यानं, पण गोळ्याही तोच देत असेल."

"म्हणून नोटीस पाठवायचीच नाही?"

"पाठवायची तर! एक हप्ता सोडू नये. पण सोबत तू वेगळं पत्र लिही, की येत जा, बाप वाट पाहतो."

"मी बापाचा वकील. त्याच्या संमतीशिवाय कसं लिहू?"

"ती तरी त्याची चालते ना?"

"चालते. खात्याचा निर्णय भत्त्यापुरता."

"मग विचार त्याला. आणि सकाळी विचार, संध्याकाळी त्याला नावं आठवायची नाहीत."