शत्रूला पाणी

दत्तजयंतीच्या सप्ताहात आमचे बुवा अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा लावतात. पहिला गुरू पृथ्वी. नांगरा, खणा, तुडवा, ती उलटून मारत नाही. हे ऐकताना मला दरवर्षी बाबा आठवतात.

बाबा मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत सुमारे ५०,००० हिंदी सैनिक लढले, ५,७८२ परत आले नाहीत. कोकणातलेच, माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बाबांचा वाडीतला सोबती एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर गेला. दोघे एकाच दिवशी भरती झालेले.

२ मे रोजी इटलीतली जर्मन फौज शरण आली. बाबा कैद्यांवर पहाऱ्याला होते. एक जर्मन, ओठ फुटलेला, बाबांच्या बाटलीकडे बघत बसलेला. बाबांनी त्याला पाणी दिले. त्याने खिशातून दोन पोरांचा फोटो काढून दाखवला. भाषा नाहीच, तर बोलणार काय?

मी लहानपणी विचारले होते, "बाबा, तुमच्या दोस्ताला त्यानेच मारलं असेल तर?"

"आसात. माका काय म्हायत? पण तहानलेल्याक पाणी नको देव काय?"

तेव्हा मला हे पटले. पुढे बँकेत बत्तीस वर्षे काढली आणि शंका आली. कर्ज माफ करायचे तर ज्याचे येणे आहे त्याने करावे. काउंटरवरच्या कारकुनाला तो अधिकार नाही. बाबांनी आपला राग सोडला, ठीक. पण ज्या माउलीचा मुलगा गेला, तिचे येणे सोडणारे ते कोण? बाबांनाही हे टोचत असावे, कारण गावी आल्यावर त्यांनी काकींना पाण्याची गोष्ट कधी सांगितली नाही. पृथ्वीचा दाखला इथे मला अपुरा वाटतो (बुवांनी रागावू नये). पृथ्वीचा कोणी मुलगा लढाईत गेलेला नाही.

इटलीत मोन्तोने गावी २०२३ साली घाडग्यांचे स्मारक उभारले. ते आहे सूर्यघड्याळ. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असे त्यावर कोरले आहे. सूर्यही अवधूताचा गुरू आहे, म्हणून ती बातमी मी कापून ठेवली. पण स्मारक उभारणे गावाला जमते. घरात बसलेल्या आईचे काय?

बाबा दर चतुर्थीला काकींकडे नारळ-केळी घेऊन जायचे. मी सातवीत असताना एकदा सोबत होतो. पावसाने अडकलो. काकी वाती वळत होत्या. काय मनात आले देव जाणे, बाबांनी सगळे सांगून टाकले, अगदी फोटोपर्यंत, आणि मान खाली घालून बसले. मला वाटले, आता ही म्हातारी आम्हाला पावसातच बाहेर काढणार.

काकींचे हात थांबले. बराच वेळ त्या पागोळ्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो मगे पोरांकडे घराक पावलो काय रे?"

बाबांना ते ठाऊक नव्हते. काकींनी पुढची वात घेतली.