विवाहविच्छेद आणि त्यागाचे तीन प्रकार

विवाह हा गृहस्थाश्रमाचा पाया होय. म्हणून न्यायालयांत विवाहविच्छेदाचे अर्ज वाढत चाललेले पाहून धर्मनिष्ठ गृहस्थ व्यथित होतो, हे स्वाभाविकच आहे. मात्र त्याचा रोष बहुधा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यावर असतो, आणि तेथेच विचाराची वाट चुकते.

कायद्यापूर्वी विवाह मोडत नव्हते काय? कित्येक ज्ञातींत काडीमोडीची रूढी पूर्वापार होती. जेथे ती नव्हती, तेथे पत्नीला माहेरी पाठवून पुन्हा न आणणे हा मार्ग पतीस मोकळाच होता. 'टाकलेली' हा निष्ठुर शब्द मराठीत न्यायालयातून आलेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशभर घटस्फोटित सुमारे साडेतेरा लाख, तर घटस्फोटावाचून विभक्त राहणारे सुमारे पस्तीस लाख आढळले. दोहोंतही स्त्रियांचाच भरणा अधिक होता. अर्जांच्या वाढत्या संख्येने हळहळणाऱ्याने या पस्तीस लाखांचाही विचार करावयास हवा.

भगवंतांनी अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने नियत कर्म सोडणे हा तामस त्याग. कर्म दुःखरूप वाटते म्हणून देहकष्टाच्या भयाने ते टाकणे हा राजस. आणि कर्तव्य करीत राहून त्यातील आसक्ती व फलाशा तेवढी सोडणे हा सात्त्विक. हा उपदेश विवाहाला उद्देशून नाही, हे खरे. तरीही विच्छेदाचा विचार करणाऱ्यास याहून चांगली कसोटी मिळणे कठीण. परस्त्रीच्या मोहाने घर सोडणारा तामस त्यागी होय. वृद्ध सासूसासऱ्यांची सेवा, मिळकतीची ओढाताण, जोडीदाराचा हेकट स्वभाव एवढ्यानेच जो वा जी उठून जाते, तिचा त्याग राजसच म्हणावा लागेल.

परंतु जेथे मारहाण आहे, हुंड्यासाठी छळ आहे, तेथे "सोसून घे" असे सांगणाऱ्याने गीतेचा आधार घेऊ नये. तेथे नियत कर्म आधी मोडले ते छळणाऱ्याने. घराबाहेर पडणारीने काहीच मोडलेले नसते.

१९७६ पर्यंत या कायद्यात परस्परसंमतीने विच्छेद नव्हता. बहुतेक प्रसंगी एकाने दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागे, आणि सभ्य माणसेही भर न्यायालयात एकमेकांवर चिखल उडवीत. संमतीची वाट झाल्यावर ते टळण्याची सोय झाली. पहिल्या व दुसऱ्या अर्जात निदान सहा महिन्यांचे अंतर ठेवले गेले, ते पुनर्विचारासाठी. योग्य प्रकरणी ही मुदत माफ करता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. समेटाचा प्रयत्न करण्याचे कामही कायद्याने न्यायाधीशावर सोपविले आहे. पूर्वी हे काम मामा, काका, शेजारचे वडीलधारे करीत. आता तेच पुष्कळदा दोन पक्षांचे वकील होऊन बसतात.

विच्छेद अटळच झाला, तरी अपत्याविषयीचे नियत कर्म संपत नाही. ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी न्यायालय आदेश देऊ शकते. पण उद्वेग न करणारी, सत्य, प्रिय व हितकर वाणी, जिला सतराव्या अध्यायात तप म्हटले आहे, ती कोणाच्या आदेशाने येणार? रविवारी मुलाला आईच्या दारी पोहोचविताना वाटेत बाप तिच्याविषयी काय बोलतो, आणि मूल परतल्यावर आई त्याला बापाविषयी काय विचारते, हे त्या दोघांवाचून कोणीही पाहत नसते. ते मूल मात्र ऐकत असते.