अनर्थदंड

भावाची मुलगी पेडणे तालुक्यात आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकते. या जानेवारीत मीही तिच्याबरोबर गेले. पावसाळा सरला की इथला समुद्र मवाळ होतो. लाटा जेमतेम गुडघ्याएवढ्या, फार तर कंबरेएवढ्या, आणि त्याही मनात येईल तेव्हा. पोरगी बोर्डावर बसून वाट बघतेय, बघतेय. दीड तासात उभी राहिली ती दोनदाच!

बाहेर येऊन म्हणाली, "आत्या, खरं सांग, हे पाप आहे का गं?"

चेष्टेनं नव्हतं विचारलं. जलकायिक जीव ती पाठशाळेतच शिकली आहे. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडाचा त्याग येतो. समंतभद्राचार्यांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त त्याचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातली प्रमादचर्या म्हणजे कारण नसताना माती, पाणी, अग्नी, वारा यांना त्रास देणं. खेळासाठी पाणी ढवळणं त्यात बसतंच. मी "हो" म्हणणार होते, पण जीभ अडली.

आमचं घर डिचोलीचं. अण्णांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, गिऱ्हाईक सगळं खाणींवरचं. त्या खाणी समुद्रसपाटीच्याही खाली गेल्या. पंप लावून जमिनीतलं पाणी उपसलं, आसपासच्या विहिरी आटल्या, लाल गाळ शेतात उतरला. आमच्या स्वयंपाकघरात मात्र पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेलं. पोटापाण्यासाठी होते ती उद्योगी हिंसा, गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही, हे खरंच आहे. पण पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याचा धंदाही आहे ना? आहे. पण आम्ही कुठे फोडत होतो, आम्ही तर स्पेअर पार्ट विकत होतो! 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या, तेव्हा घरात काळजी फक्त उधारीची होती. विहिरींचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

तिला म्हटलं, "अनर्थ तर आहेच. पण आपण ज्याला अर्थ म्हटलं, त्याचा हिशेब मी कधी केला नाही गं."

"मग सोडू का मी?"

"ते मी कोणत्या तोंडानं सांगू?"

ती गप्प झाली. संध्याकाळी मी आलोचनापाठाला बसले, तर तीही ओल्या केसांनी शेजारी येऊन बसली. जलकायिक जीवांपाशी आल्यावर मला समुद्र आठवला नाही. शेजारच्या वाड्यावरची बायकांची रांग आठवली, टँकरपुढची.