जागेचा न्याय

दाटीवाटीच्या शहरात नवे सार्वजनिक माध्यमिक विद्यालय उभारताना पहिला प्रश्न स्थापत्याचा नसून वितरणात्मक न्यायाचा, म्हणजे सामाईक संपत्तीतून कोणाच्या वाट्याला काय यावे याचा असतो. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मांडलेले गाऱ्हाणे हेच होते, की रयतेच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो; आजच्या मुंबईत त्या पैशाची जागा भूखंडाने घेतली आहे. विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षण, अर्थात ठरावीक वापरासाठी राखलेली जमीन, दाखवता येते. परंतु २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा या वयोगटापुरताच असल्याने प्रयोगशाळेची खरी गरज असलेला दहावीचा विद्यार्थी त्या हमीबाहेर राहतो, आणि हे अन्यायकारकच म्हटले पाहिजे. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये मांडलेला ‘अज्ञानाचा पडदा’, म्हणजे आपला जन्म कोणत्या घरी होईल हे ठाऊक नसल्याचे मानून नियम ठरवण्याची कल्पना, येथे लावली, तर जिन्यालगतचा रॅम्प, मुलींच्या स्वच्छतागृहाचे वर्गापासूनचे अंतर आणि एका खोलीच्या घरात राहणाऱ्या मुलीसाठी रात्रीपर्यंत उघडी राहणारी, रस्त्याकडून स्वतंत्र दार असलेली अभ्यासिका, या बाबी सोयीच्या न राहता हक्काच्या ठरतात.