खरड छाटणीचे दिवस

पुनरुत्थान काळातील पाचवा रविवार (योहान १५:१-८)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतःला द्राक्षवेल, आपल्या पित्याला माळी आणि आपल्याला फांद्या म्हणतो. हा दाखला आपल्या सांगली-साताऱ्याच्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. तासगाव, पलूस, मिरजेपासून खटाव-माणपर्यंत सध्या खरड छाटणीचे दिवस आहेत. माल उतरला, काड्या कापल्या, बागा उघड्या पडल्या. रस्त्याने जाणाऱ्याला वाटते, आता ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत इथे काही घडणार नाही.

परंतु खरी गोष्ट याच दिवसांत घडते. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील शास्त्रज्ञ आणि आपले अनुभवी बागायतदार एकच गोष्ट सांगतात. खरड छाटणीनंतर नवी काडी फुटते आणि साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात तिच्या डोळ्यांच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होऊ लागतो. घड आणि बाळी या दोन्हींची सुरुवात एकाच सूक्ष्म अंकुरातून होते. पानांना भरपूर ऊन मिळाले, काडीत अन्नसाठा झाला, तर त्याचा घड होतो. आभाळ झाकोळलेले राहिले, किंवा नत्र व पाणी जास्त होऊन नुसता पाला माजला, तर त्याचीच बाळी होते. ऑक्टोबर छाटणीपूर्वी डोळे तपासून घेतले की सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसते. ज्या डोळ्यात घड धरलाच नाही, त्यात तो नंतर कोणत्याही औषधाने घालता येत नाही.

प्रिय बंधु-भगिनींनो, आपल्या घरांचेही असेच नाही का? मुलगा कॉलेजात जाऊन बिघडला की आपण धावत येतो, "फादर, त्याला जरा समजावून सांगा." पण तो सात-आठ वर्षांचा होता, तेव्हा संध्याकाळी आपल्या घरात काय चालू होते? आपण त्याला क्लास दिला, मोबाईल दिला, कशाचीही उणीव भासू दिली नाही. खतपाणी भरपूर झाले. ऊन मात्र मिळाले का? आईबापांना एकत्र गुडघे टेकताना, एकमेकांना क्षमा करताना त्याने पाहिले का?

हे कोणाला दोष देण्यासाठी नाही. कधी शेतकरी सर्व काही वेळेवर करतो, तरी ढगाळ हवेने घड कमी येतात. त्याला आपण आळशी म्हणत नाही. मग ज्या आईबापांनी मनापासून प्रार्थना केली आणि तरीही लेकरू दुरावले, त्यांच्याकडे आपण बोट दाखवू नये. एका वर्षी घड आले नाहीत म्हणून बागायतदार वेल उपटत नाही. पुढच्या एप्रिलला तो पुन्हा कात्री घेऊन उभा राहतो. आपला स्वर्गीय पिता त्याच्यापेक्षा कमी धीराचा नाही.

आपल्यातील काहींच्या जीवनाला यंदा कात्री लागली आहे. कोणाच्या घरातले माणूस गेले, कोणाचा माल अवकाळी पावसात गेला, कोणी कर्जात आहे. त्यांना आज फळ दाखवा असे येशू म्हणत नाही. तो एवढेच मागतो की माझ्यामध्ये राहा. वेलीशी जोडलेली फांदी दिसायला उघडी असली, तरी तिच्या डोळ्यात काम चालू असते.

आता मे महिना येतो आहे, पवित्र मरियेचा महिना. मुले सुट्टीवर घरी असतील. रोज रात्री टीव्ही बंद करून घरात जपमाळ म्हणूया आणि शुभवर्तमानातील चार ओळी वाचूया. लगेच काही दिसणार नाही. डोळ्यातला घडसुद्धा बाहेरून दिसत नाही.

हे प्रभो, तू वेल आहेस. आम्हाला आणि आमच्या लेकरांना तुझ्याशी जोडलेले ठेव. आमेन.