घंटी काढलेली सायकल

शिकारीसाठी सायकल तयार करायची तर शेवटी तिची घंटी काढावी लागते. मी काढली होती. दोन स्क्रू, दोन मिनिटांचं काम. पण त्या दोन मिनिटांचा हिशेब माझ्या डोक्यात अजून चालू आहे. तो जुळत नाही म्हणून तुमच्यापुढं मांडतोय. मी काही शिकलेला माणूस नाही. नववीत शाळा सुटली. सोलापूरजवळच्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा राहतो आणि सुटीला वाचतो. शब्द कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या. मुद्दा मात्र सांभाळून घेऊ नका, त्याला भिडा.

प्रश्न साधा आहे. पोट भरलेल्या माणसानं जीव मारायला जावं का? आणि तो गेला, तर त्याची किंमत कोण भरतं?

आधी सायकल. वडिलांची काळी सायकल, २२ इंची फ्रेम, दुहेरी नळी, २८ बाय दीडचे टायर. माळावर तिचा पहिला दुश्मन काटा. बाभळीचा काटा टायरमधनं आरपार येतो. सराटा कसाही पडला तरी एक टोक वर ठेवूनच पडतो. म्हणून जुनी ट्यूब उभी कापून टायर आणि नव्या ट्यूबच्या मधी अस्तरासारखी घातली. चाक जड झालं, पंक्चर कमी झाले. सोबत टायर काढायच्या पट्ट्या, सोल्युशन, पॉलिश पेपर, कातरलेली ठिगळं, वॉल्व्हट्यूबचा वीतभर तुकडा, हातपंप. डांबरी रस्त्यावर हवा टणक ठेवायची. माळावर उतरलं की थोडी सोडायची, म्हंजे चाक रुतत नाही. फार सोडली तर दगडावर रिम बसते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. मडगार्ड काढून टाकले. काळ्या मातीचा चिखल त्यात भरला की चाक फिरत नाही, सायकलच माणसाच्या खांद्यावर बसते. ओझं हँडलला लावायचं नाही, वळताना सायकल हाताबाहेर जाते. कॅरियरवर गोणपाटाची दोन तोंडांची पडशी टाकायची, दोन्हीकडं सारखं वजन. एकीकडं पाण्याचा कॅन, दुसरीकडं जाळं आणि भाकरी. बांधायला ट्यूबच्या पट्ट्या, कारण दोरी सैल पडते. स्टँडखाली ठेवायला फळीचा तुकडा, नाहीतर मऊ मातीत स्टँड रुततो आणि सायकल आडवी.

इथपर्यंत कुणी दूधवाला करील तसंच. पुढचं निराळं. पाय थांबवले की फ्रीव्हील टिकटिक करतं, ते रात्रीच्या माळावर लांब ऐकू जातं. म्हणून त्यात घट्ट ग्रीस भरलं. चेनकव्हर खडखडतं, ते काढलं. रिम आणि हँडल चांदण्यात चमकतात. हँडलला चिंध्या गुंडाळल्या, रिमला काजळी फासली. डायनॅमो घरघरतो, शिवाय चाक थांबलं की उजेडही थांबतो. तोही काढला. बॅटरी गळ्यात, लागेल तेव्हाच पेटवायची. एकेक करून सायकलचा आवाज गेला, चमक गेली, उजेड गेला. मग राहिली घंटी.

त्या घंटीला आमच्या घरात इतिहास आहे. माझा पणजोबा वेसकर. घुंगुरकाठी वाजवत गावात जायचा, म्हंजे लोकांना कळावं की महार येतोय. वडिलांनी गिरणीच्या पहिल्या पगारातनं ही सायकल घेतली आणि गावी नेली. वाड्यापुढनं जाताना "खाली उतर" म्हणून हाक आली. वडील उतरले नाहीत. वाड्याच्या दारापासनं चावडीपर्यंत घंटी वाजवत गेले. घुंगुरकाठी सांगायची, बाजूला व्हा, बाटाल. घंटी सांगत होती, बाजूला व्हा, मला जायचंय. आवाज दोन्हींचाच. पण एक लादलेला आणि एक कमावलेला. तो कमावलेला आवाज मी सशासाठी काढून खिशात टाकला.

आता तुम्ही म्हणाल, सशाचं एवढं काय? शेळी खातोस, कोंबडी खातोस. खरं आहे, मी माझ्या खाण्याची लाज बाळगत नाही. दुसऱ्याच्या ताटात डोकावून पाप मोजणाऱ्यांची अहिंसा आपण फार सोसली. शिवाय आमच्या आज्ज्याची बाजू आहे, ती आधी मांडतो. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं खाऊ नका. आमच्या वस्तीत ते पाळायला १९५६ उजाडलं. ढोर ओढणं बंद झालं, तसं गावानं कामं बंद केली, पेंढी बंद केली. त्या दोन-तीन वर्षांत आज्जा कुत्रं आणि जाळं घेऊन पायी माळावर जायचा. ससा मिळाला तर वस्तीत वाटून खायचे. आज्जा म्हणायचा, "हे कुणी टाकलेलं न्हवं. ह्ये आपण मिळीवल्यालं हाय." त्या सशात मान होता. तो आज्जा मला आजही चुकीचा वाटत नाही.

दुसरी बाजू राजेरजवाड्यांची. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं ओळीनं आहेत. एके काळी त्या संस्थानात चित्ते पाळून हरणांवर सोडत. आपल्याला पूज्य असलेले शाहू महाराजसुद्धा शिकारीचे शौकीन होते. पण आपण त्यांना मानतो ते शिकारीसाठी नाही. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची हजेरी त्यांनी बंद केली, फासेपारध्यांना कामं दिली, यासाठी मानतो. राजाच्या शिकारीला पोथीत मृगया म्हणतात. पारध्याच्या शिकारीला पोलिसांच्या वहीत गुन्हा म्हणतात. जनावर तेच, रक्त तेच.

तिसरी बाजू कायद्याची. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवाने संपले. फास लावणं, जाळं टाकणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारच. गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं वाहनही सरकारजमा होतं, मग ती सायकल का असेना. हा कायदा मला खोटा वाटत नाही. आमच्या जवळच नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ चं. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. असल्या पाखरामागं बंदूकवाले जीप घेऊन धावले. मग माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. आज तिथं माळढोक दिसणं म्हंजे बातमी.

या तीन बाजूंत माझी बाजू कुठली? मी आज्ज्याच्या बाजूला उभा राहायचो. "आपलं पिढ्यांचं खाणं," म्हणायचो. पण एके दिवशी हिशेब केला. आज्जा पायी सहा किलोमीटर जायचा. सायकलवर मी वीस जातो. अंतर तिपटीहून थोडं जास्त, पण चारी दिशांचा माळ धरला तर सहाचा वर्ग छत्तीस, विसाचा वर्ग चारशे. म्हंजे अकरा पट रान माझ्या तावडीत आलं. गिरणीत हे रोज दिसतं. हात दोनच राहतात, चात्या वाढत जातात. भूक मात्र अकरा पट झाली नव्हती. उलट कमी झाली होती. पगार होता, गिरणीच्या फाटकाबाहेर कोंबडीचं दुकान होतं. दोन टायर, दोन ट्यूबा, ग्रीस, बॅटरी, एवढ्या पैशात घरादाराचं चार वेळा मटण झालं असतं.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी एक फरक सांगितलाय. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. अहिंसा हा आंधळा नियम नाही, ते तत्त्व आहे. आपली बुद्धी वापरून ते लावायचं. हे मी दहादा वाचलं होतं, अभ्यासवर्गात बोललोही होतो. पण इच्छा ओळखायची कशी? इच्छा स्वतःला गरजच म्हणवून घेते. मला उत्तर सायकलनं दिलं. इच्छा तयारीत दिसते. भुकेला माणूस हाताला येईल ते घेऊन निघतो. रिमला काजळी फासत बसत नाही. मी पंधरा दिवस त्या सायकलवर खपत होतो आणि मजेत होतो. त्या मजेचं नाव गरज नाही.

आता ती रात्र. २०२२ चा डिसेंबर. रात्री अकराला पाळी सुटली. दुसऱ्या दिवशी सुटी. मी आणि माझा जोडीदार निघालो. तो माझ्या शेजारच्या फ्रेमवर असतो. जातीनं पारधी. त्याच्या लोकांना इंग्रजांच्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, तिथनं माणसं गिरण्यांत कामाला नेत. १९५२ ला कायदा गेला, तार गेली. नजरेतली तार राहिली. तो शिकारीला नको म्हणत होता. मीच ओढून नेला. मनात म्हटलं, पारधी बरोबर असला म्हंजे माग काढता येईल. बघा, मीसुद्धा त्याला जातीनंच कामाला लावत होतो.

सापडलं काहीच नाही. पहाटे परत निघालो. चढ लागला. माझी सायकल जड, तो अंगानं दणकट, म्हणून आम्ही सायकली बदलल्या. त्याची साधी सायकल माझ्याकडं आली, घंटीची, दिव्याची. माझी काळी त्याच्याकडं. एका गावाच्या शिवारात दहा-बारा माणसं काठ्या घेऊन बसली होती. त्या भागात मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या. आम्हाला अडवलं. मला विचारलं, कुठला? मी गिरणीचं ओळखपत्र दाखवलं. त्याला विचारलं, कुठला? त्यानं वस्तीचं नाव सांगितलं. तेवढं पुरलं.

"घंटी का न्हाई रं? लाईट का न्हाई? चाकाला काळं कशापायी फासलंय?"

पडशीतनं जाळं निघालं. त्याचं ओळखपत्र कुणी बघितलंच नाही. पहिली काठी पडली तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणायला हवं होतं? तीन शब्द. सायकल माझी आहे. मी म्हणालो, "आम्ही कामगार आहोत, सोडा." तीन शब्द घशात राहिले. सभेत तास तास बोलणारा मी, त्या पहाटे तीन शब्द मला जड झाले.

त्याच्या उजव्या हाताचं बोट मोडलं. चौकीत नेलं, दुपारी सोडलं, चोरीचं काही निघालं नाही. सायकल ठेवून घेतली. तुटलेला धागा जोडायला बोटं लागतात. त्याचे दीड महिन्याचे खाडे पडले. नवव्या दिवशी मी चौकीत जाऊन सांगितलं, सायकल माझी, जाळं माझं, काजळी मी फासली. तिथला माणूस हसला. "मग आता काय करू? तुझं बी बोट मोडू?" सायकल दिली आणि घालवून दिलं.

जोडीदाराकडं गेलो. माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तवा बोलायचं हुतं." आणि मी निघताना म्हणाला, "घंटी बसीव आधी."

मित्रहो, इथं एक सोपा धडा काढता येतो. लपून करावं लागतं ते वाईट. तो मी काढणार नाही. बहिष्काराच्या दिवसांत आपली माणसं विनाउजेडाची, विनाआवाजाची एका वस्तीतनं दुसऱ्या वस्तीत निरोप नेत होती. ती लपूनच जात होती. लपणं हा दोष नाही. कसोटी पुढची आहे. सापडलास, तर 'हे माझं' असं म्हणता येईल का? आज्ज्याला अडवलं असतं तर त्यानं ससा दाखवून सांगितलं असतं, होय, माझा हाय, पोरं उपाशी हायत. निरोप नेणारा म्हणाला असता, होय, निरोप माझा. गरजेला तोंड असतं. माझ्या हौसेला तोंड नव्हतं. म्हणून तिच्यासाठी दुसऱ्याला मार खावा लागला. आणि तो दुसरा कोण असतो हे या देशात आधीच ठरलेलं असतं. जो उतरंडीत आपल्याहून खालचा, तो. वाड्यावाल्यांचं हे आपल्याला लगेच दिसतं. आपलं दिसायला बोट मोडावं लागतं, तेही दुसऱ्याचं.

मी शिकार सोडली. त्यात मोठेपणा नाही, ससे माझे आभार मानणार नाहीत. पण जोडीदाराच्या वस्तीतला कुणी म्हातारा पोटासाठी फास घेऊन निघाला, तर त्याला पंचशील शिकवायला मी जाणार नाही. आधी त्याच्या हाताला काम द्या, मग बोलू.

सायकल आता गिरणीला नेतो. मडगार्ड बसवले, दिवा बसवला, घंटी बसवली. फ्रीव्हीलमधलं ग्रीस धुऊन काढलं, परत टिकटिक करतं. जोडीदार अजून शेजारच्या फ्रेमवर असतो. ते बोट पुरतं वाकत नाही. धागा तुटला की तो दुसऱ्या बोटानं जोडतो. माझ्याशी बोलतो. त्या पहाटेविषयी मात्र नाही.

माझा हिशेब एवढाच. तुमच्यापैकी कुणाला तो जुळवता आला तर लिहा.